आमच्या ट्रकचा घसारा

ट्रक या वाहनाशी माझा आजवरचा संबंध कर्जापुरता होता. लोक ट्रकसाठी कर्ज काढायचे, मी त्या कर्जाच्या नोंदी करायचो आणि पुढे हप्ते थकले की नोटिशीच्या पाकिटांवर पत्ते घालायचो. ट्रक चालतो कसा यापेक्षा तो थकतो कसा, याची मला अधिक माहिती. तेव्हा ट्रकवर टीकालेख लिहायला मी नालायक आहे असं कुणी म्हणू नये. स्वतः कधीही न चालवता दुसऱ्याच्या चालवण्यातली थकबाकी दाखवणं, यालाच टीका म्हणतात अशी माझी समजूत आहे.

हा ट्रक आमच्या घरी आला तो दिवाळीत. आमचे मेव्हणे चाकणला मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. राजूरला येताना ते दरवर्षी मिठाईचा पुडा आणतात. या खेपेला एवढं मोठं खोकं घेऊन उतरले. आमच्या चिरंजीवांचं वय चौदा. या वयात मुलाला काय द्यावं हे बापाला कळत नाही, मामाला मात्र बरोबर कळतं. कारण पुढचा खर्च मामाला करायचा नसतो.

"मामाने खेळणं आणलं वाटतं," मी म्हणालो.

"दाजी, ह्याला खेळणं म्हणू नका. हे मॉडेल आहे."

"फरक काय?"

"खेळणं मोडलं की फेकून देतात. मॉडेल मोडलं की पार्ट मागवतात."

हे वाक्य त्यांनी कौतुकाने सांगितलं. मी ते धोक्याची सूचना म्हणून ऐकायला हवं होतं.

अंगारकीला आमच्या राजुरेश्वराच्या दर्शनाला हजारोंनी माणसं येतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दुकानं लागतात. त्यातला प्लास्टिकचा ट्रक मी चिरंजीवांना लहानपणी दरवर्षी घेऊन दिलेला आहे. देवळापासून घर गाठेपर्यंत त्याचं एक चाक जायचं आणि रात्री झोपेपर्यंत उरलेली तीन. पण त्या ट्रकबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. तो मोडला की प्रकरण मिटायचं. खातं बंद. इथे मात्र खातं उघडलं गेलं आणि ते रोज चालू राहिलं.

खोक्यावर ट्रकचं झकास चित्र होतं. ट्रक हवेत उंच उडालेला, चारी चाकं पसरलेली, खाली धुळीचा लोट. मी त्या चित्राचं पुष्कळ दिवस निरीक्षण केलं आणि माझ्या लक्षात आलं, की हवेत असताना कुठलाच ट्रक मोडत नाही. तो मोडतो जमिनीवर आल्यावर. आणि जमिनीवर आल्याचं चित्र कुठलीही कंपनी खोक्यावर छापत नाही. कंपनीचं नाव मी इथे देणार नाही. जे काही मोडलं त्यात कंपनीचा वाटा किती आणि आमच्या घराण्याचा किती, याचा ताळा अजून जुळलेला नाही.

ट्रक हातभर लांब, वजन भरलेल्या पाच शेरांच्या पायलीसारखं, आणि चाकं त्याच्या अंगाच्या मानाने राक्षसी. म्हणूनच याला मॉन्स्टर ट्रक म्हणतात. हातात एक पिस्तुलासारखं यंत्र धरायचं. घोडा ओढला की ट्रक पळतो, ढकलला की ब्रेक, आणि बाजूचं चाक फिरवलं की वळतो. "रेडिओवर चालतो" असं चिरंजीवांनी गल्लीत जाहीर केलं, तेव्हा शेजारचे आप्पा चष्मा सावरत आले आणि वाकून म्हणाले, "याच्यावर बातम्या कोनत्या टायमाला लागत्यात?"

आता या ट्रकच्या पोटात बॅटरीची मोटर नसून खरंखुरं टू-स्ट्रोक इंजिन असतं. अडीच-तीन सीसीचं, मोठ्या लिंबाएवढं. पण मिनिटाला तीस हजारांच्या वर फेरे घेतं. त्याला ठिणगीचा प्लग नाही. ग्लो प्लग नावाचा एक बारका प्लग असतो, त्यात प्लॅटिनमच्या जातीची तार असते. दीड व्होल्टच्या सेलने ती एकदा लाल केली आणि दोरी ओढून इंजिन चालू केलं, की मग सेल काढून घेतला तरी चालतो. इंधनाशी होणाऱ्या क्रियेने आणि आतल्या उष्णतेने तार आपली आपण तापत राहते.

"प्लॅटिनम?" आमच्या सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून विचारलं. त्या एका शब्दात वीस वर्षांच्या संसाराचा ताळेबंद होता. मी विषय इंधनाकडे वळवला.

इंधन पेट्रोल नव्हे. मुख्य भाग मेथॅनॉल, त्यात शेकडा दहा ते तीस नायट्रोमिथेन, आणि राहिलेलं तेल. या तेलात पुष्कळदा एरंडेलही असतं. लहानपणी दर महिन्याला मला पालथं घालून जे पाजलं जायचं, तेच हे एरंडेल! अमेरिकेतल्या इंजिनाला ते आवडतं हे त्या वेळी कळतं तर मीही एवढा कांगावा केला नसता. नायट्रोमिथेनचं वैशिष्ट्य असं, की ते आपला बराचसा प्राणवायू घरूनच घेऊन येतं. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते, नायट्रोमिथेनला 1.7 ग्रॅम पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन जाळता येतं आणि ताकद वाढते. ताकद वाढते तसं इंधनही संपतं. कपभर इंधन दहा-पंधरा मिनिटांत खलास. बरं, हे इंधन राजुरात मिळत नाही, जालन्यात मिळत नाही. जळणारं आणि विषारी, म्हणून पार्सलने मागवायलाही सतरा अडचणी. मेव्हणे येतील तेव्हा डबा येणार. आमच्याकडे त्यांची वाट इतक्या आतुरतेने यापूर्वी कधीच पाहिली गेली नव्हती.

आता टीकेच्या मुख्य मुद्द्याकडे येतो: मजबुती.

पहिल्याच दिवशी ट्रक अंगणातल्या तुळशीवृंदावनावर आपटला आणि पुढच्या उजव्या चाकाला धरणारा प्लास्टिकचा आर्म तुटला. चिरंजीवांचा चेहरा उतरला. मी मेव्हण्यांना फोन लावला.

"दाजी, कंपनीचे आर्म असेच असतात. अल्युमिनियमचे टाका. अपग्रेड करा."

अपग्रेड हा शब्द आमच्या घरात असा शिरला. बँकेत मी तो बराच ऐकला होता. 2024 च्या वेतन करारात आम्हा क्लार्क मंडळींचं नाव 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' असं झालं. खुर्ची तीच, तिचा डगमगणारा पाय तोच, काउंटरपुढची रांग तीच. फक्त मी अपग्रेड झालो. त्यामुळे या शब्दात धोका आहे असं मला वाटलंच नव्हतं.

निळ्या रंगाचे, झळझळीत अल्युमिनियमचे आर्म आले. ते इतके देखणे होते की दोन दिवस आम्ही ते नुसते टेबलावर ठेवून पाहिले. तिसऱ्या दिवशी ट्रक हातपंपाच्या ओट्यावर गेला. आर्म तुटला नाही! किंचित वाकला. पण तो ज्या ठोकळ्यात बसवला होता, तो ठोकळा तडकला. म्हणून ठोकळा अल्युमिनियमचा केला. मग पुढच्या धडकेत चॅसी वाकली. चॅसी जाड केली. मग धक्का चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टला बसू लागला, तो स्टीलचा केला. मग मधल्या मोठ्या गिअरचे प्लास्टिकचे दाते गेले. तोही स्टीलचा केला, आणि त्याच्या शेजारचा घसरता क्लच, जो जास्त जोर आला की मुद्दाम घसरतो, तो आवळून टाकला; आमच्या ट्रकने घसरणं आम्हाला कमीपणाचं वाटलं. त्या रविवारी पार आतल्या डिफरन्शिअलचे दाते भुगा होऊन तेलात मिसळले.

मी कॉमर्सचा पदवीधर. हा सगळा खर्च मी एका वहीत लिहीत होतो आणि तिथे माझी पंचाईत व्हायला लागली. आमच्या शास्त्रात दुरुस्तीचा खर्च महसुली धरतात आणि सुधारणेचा भांडवली. दुरुस्तीने मालमत्तेची किंमत वाढत नाही, सुधारणेने वाढते. आता तुटलेल्या प्लास्टिकच्या जागी अल्युमिनियम टाकलं, तर ती दुरुस्ती की सुधारणा? मेव्हणे म्हणत सुधारणा. सौभाग्यवती तिसराच शब्द वापरत, तो लेखाशास्त्रात नाही. शिवाय दर सुधारणेनंतर ट्रक आठवडाभर बंद राहायचा. ज्या मालमत्तेची किंमत वहीत चढत जाते आणि जिचा उपयोग शून्याकडे जातो, तिच्यावर घसारा कसा काढावा?

या रोगाचं मूळ शोधायला गेलो तेव्हा कळलं, की तो मॉन्स्टर ट्रकच्या जन्मापासूनचा आहे. अमेरिकेत सेंट लुईसच्या बाजूला बॉब चँडलर नावाचा एक गृहस्थ होता. त्याच्याकडे 1974 सालचा फोर्ड एफ-250 पिकअप. चँडलरचा पाय अॅक्सिलरेटरवर फार जड. त्यामुळे सारखं काही ना काही मोडायचं, आणि मोडलेल्या भागाच्या जागी तो जास्त दणकट भाग बसवायचा. त्याच्या त्या जड पायावरून ट्रकचं नाव पडलं 'बिगफूट'. मोठी चाकं लावली की आस मोडायचा. मोठा आस घातला की आणखी मोठी चाकं बसायची. असं करता करता लष्करी ट्रकचे आस खाली आले आणि 1981 साली त्याने भंगार मोटारींवरून गाडी चढवून त्या चिरडून दाखवल्या. लोकांना हे इतकं आवडलं की त्याचा एक खेळच झाला. म्हणजे पहा, मोडण्यातूनच हे वाहन जन्माला आलं. ज्याचा मूळ पुरुषच मोडत मोडत मोठा झाला, त्याच्या वंशजाने मोडू नये ही अपेक्षा आपली चूक.

वंशजांचा इतिहासही तसाच. 1999 साली ट्रॅक्सस या अमेरिकन कंपनीने टी-मॅक्स काढला. अडीच सीसीचं इंजिन, चारही चाकांना जोर, दोन गिअर, वर रिव्हर्स, आणि प्रत्येक चाकाला दोन असे आठ शॉकअप. दणका उडाला. त्याच्यासाठी सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांचा एक स्वतंत्र बाजार उभा राहिला. पुढे एचपीआय कंपनीने सॅव्हेज आणला. साडेतीन सीसी, आणि चॅसी म्हणून दोन उभ्या अल्युमिनियमच्या पाट्या. दणकटपणात त्याचं नाव झालं. मग टी-मॅक्स 3.3 सीसीवर गेला, सॅव्हेज 4.1 आणि 4.6 वर. इंजिन वाढलं की बाकीचं अपुरं पडतं. बाकीचं वाढवलं की वजन वाढतं. वजन वाढलं की इंजिन अपुरं पडतं. आमच्या पगारात आणि किराण्याच्या बिलात हाच संबंध आहे, त्यामुळे मला हे समजायला वेळ लागला नाही.

तरीपण मी थांबलो नाही, हे कबूल केलं पाहिजे. आणि का थांबलो नाही, तेही. संध्याकाळी बँकेतून आलो की चिरंजीव आणि मी ओसरीवर गोणपाट अंथरून बसायचो. तो सांगायचा, मी पाना द्यायचो. एरवी चौदा वर्षांचा मुलगा बापाशी दिवसातून तीन वाक्यं बोलतो आणि त्यांतली दोन पैशांची असतात. इथे तो मला पिस्टनबद्दल समजावून सांगायचा. बाहेरची नळी वर किंचित निमुळती असते, म्हणून थंड असताना पिस्टन वरच्या टोकाला घट्ट अडकतो, आणि तापल्यावर नळी फुगून जागा बरोबर होते. म्हणून पहिल्या चार-पाच टाक्या सावकाश चालवायच्या. इंजिन किती तापलं हे कसं ओळखायचं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "डोक्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. लगेच चर्रकन उडाला तर जास्त तापलंय. थोडा वेळ उकळून गेला तर बरोबर." आतून आवाज आला, "मी थालीपिठाच्या तव्याला रोज हेच करते, मला कुणी इंजिनिअर म्हणत नाही." त्या संध्याकाळी आम्ही तिघंही हसलो होतो. ट्रक मोडला नसता तर ते गोणपाट अंथरलंच गेलं नसतं.

शेवटी मोठं इंजिन आलं. जड ट्रक वळवायला ताकदवान सर्व्हो मोटर आली. मेव्हण्यांच्या यादीत आणखी एक गोष्ट होती: फेलसेफ. नखाएवढी डबी. ट्रकमधल्या रिसीव्हरचे सेल उतरले किंवा सिग्नल तुटला तर ती आपोआप इंजिन मंद करून ब्रेक लावते. मी विचारलं, याने वेग वाढतो का? नाही. दिसायला निळी असते का? नाही, काळी, आणि आत लपलेली. मग राहू द्या म्हणालो. सगळ्यात स्वस्त होती, आणि तेवढीच एक मी काटकसर केली.

मार्चमधला रविवार. गहू निघालेला, आप्पांच्या मळ्याकडेचं रान मोकळं. अर्धं राजूर नसलं तरी अर्धी गल्ली जमली. ट्रक असा काही सुटला, की मला माझ्या वहीतले सगळे आकडे सार्थकी लागल्यासारखे वाटले. मागे निळसर धुराची रेघ, एरंडेलाचा वास, गावातली कुत्री एका सुरात. चौथ्या फेरीला चिरंजीवांनी चाक फिरवलं. ट्रक वळला नाही. ब्रेक दाबला, थांबला नाही. नव्या सर्व्होने जुने सेल पिऊन टाकले होते. सेल संपले ते घोडा पूर्ण ओढलेला असताना. आमचा ट्रक आता कुणाचाच नव्हता. तो सरळ निघाला, आणि त्या सरळ रेषेच्या टोकाला आप्पांच्या कडब्याची गंजी होती.

इथवर मी विनोदाने लिहीत आलो, पण त्या पंधरा-वीस सेकंदांत मला विनोद सुचला नव्हता. दुष्काळी भागात कडब्याची गंजी म्हणजे काय, हे मराठवाड्याबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. ती जनावरांची उन्हाळ्याची बेगमी असते. ती गेली तर बैल विकावे लागतात. इंजिनाचं डोकं शंभर अंशांच्या वर तापलेलं, धुराची नळी त्याहून तापलेली, टाकीत अर्धा कप मेथॅनॉल. आणि मेथॅनॉल पेटलं तर उन्हात त्याची ज्योत दिसतसुद्धा नाही.

ट्रक गंजीत घुसला आणि तिथेच चाकं फिरवत राहिला. मी धावत होतो, पण बँकेतल्या माणसाचं धावणं ते. चिरंजीव माझ्या पुढे गेला. त्याच्याही पुढे गेले आप्पा, सत्तरीतले. बैलाच्या दावणीजवळच्या हौदातलं भिजलेलं पोतं त्यांनी उचललं आणि ट्रकवर टाकून वर दाबून धरलं. हवा तुटली. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. आप्पांनी पोतं उचलून पाहिलं, कडबा चाचपून पाहिला आणि मला म्हणाले, "भाऊ, बातम्या संपल्या का?"

मी त्यांचे पाय धरायचा बाकी राहिलो. ते आणखी काही बोलले नाहीत. चिरंजीव मात्र त्यांच्यासमोर उभा राहून म्हणाला, "आप्पा, चुकलं." त्याला कुणी सांगितलं नव्हतं म्हणायला. फेलसेफ नको म्हणणारा मी होतो, आणि मी मागे धापा टाकत उभा होतो.

डिफरन्शिअलसाठी एक बारीक रिव्हेट काढून घ्यायची होती, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं जालना-भोकरदन रस्त्यावरच्या ट्रॅक्टर मिस्त्रीकडे गेलो. त्यांच्यापुढे एक रोटाव्हेटर उघडून ठेवलेला होता. मिस्त्रींनी आमचा ट्रक हातात घेतला, उलटा केला, निळं अल्युमिनियम अंगठ्याने चोळलं आणि विचारलं, "सायब, याच्यात तुटायचं काय ठिवलंय?"

मला प्रश्नच कळला नाही. मी अभिमानाने म्हणालो, "काहीच नाही. सगळं पक्कं करून घेतलंय."

"तेच तं चुकलं न." त्यांनी रोटाव्हेटरच्या शाफ्टला बसवलेला एक साधा बोल्ट दाखवला. "ह्यो बोल्ट. दगड लागला का ह्यो तुटतो. तुटायसाठीच हाये. शेतकरी येतो, म्हंतो, मिस्त्री, सारखा बोल्ट तुटतो, चांगला हायटेन्शनचा टाका. टाकला का मंग गिअरबॉक्स फुटतो. बोल्ट वीस-तीस रुपयाला, गिअरबॉक्स किती हजाराला, तुमी बँकेत कर्ज देता, तुमाले ठाव."

मी गप्प झालो. जालना जिल्ह्यात राहून मजबुती म्हणजे पोलाद एवढंच मला ठाऊक होतं. 'जालना सोने का पालना' ही म्हण जुनी झाली. आता पालनाही सळईचा होईल इतके आमच्याकडे सळयांचे कारखाने. मी मिस्त्रींना तसं म्हणालो, तर ते हसले. "सळई तरी कुठं आरपार कडक असती? माझा साडू रोलिंग मिलात हाये. लालबुंद सळईवर पानी मारत्यात. वरची साल कडक व्हती, आतला गाभा नरम ऱ्हातो. नरम हाये म्हनून वाकती. आरपार कडक केली तं काडीवानी मोडंल."

टीएमटी सळई मी घर बांधताना टनाने घेतली होती. तिच्या पोटात हे तत्त्व आहे हे मला एका मिस्त्रीकडून, तेही खेळण्याच्या दुरुस्तीच्या निमित्ताने कळावं, याची मौज वाटली.

तर वाचकहो, माझा निकाल असा. या ट्रकचा कंपनीने दिलेला प्लास्टिकचा आर्म हा दोष नसून तो त्या ट्रकमधला सगळ्यात शहाणा भाग आहे. तो तुटतो आणि धक्का तिथेच संपवतो. प्लास्टिकचा गिअर आणि घसरता क्लच त्याच पंथातले. त्यांना पक्कं केलं की धक्का नाहीसा होत नाही. तो आतल्या, महागड्या आणि हात न पोचणाऱ्या भागाकडे सरकतो. आम्ही तो आर्मपासून डिफरन्शिअलपर्यंत आणि तिथून आप्पांच्या गंजीपर्यंत सरकवला. या छंदात मुरलेली माणसंही आर्म बदलताना अल्युमिनियम घेत नाहीत. आरपीएम नावाच्या अमेरिकन कंपनीचे नायलॉनचे आर्म त्यांच्यात नावाजलेले आहेत, कारण ते वाकतात आणि परत सरळ होतात. वाकून परत सरळ होणं ही कला अल्युमिनियमला येत नाही. ते एकदा वाकलं की वाकलं.

मग अपग्रेड मुळीच करू नये काय? करावेत. पण जे दिसत नाहीत ते. फेलसेफ पहिला. हवेच्या फिल्टरचा स्पंज दरवेळी धुऊन तेलात भिजवावा. उन्हाळ्यात आमच्या काळ्या रानातून उडणारी धूळ चिमूटभर आत गेली तरी पिस्टन आणि नळी यांच्यातली घट्ट सोयरीक सैल होते आणि मग इंजिनात जीव राहत नाही. बेरिंग चांगली असावीत. दिवस संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिनात दोन थेंब तेल सोडावं, कारण मेथॅनॉल हवेतली ओल ओढतं आणि आत गंज धरतो. या चार गोष्टींत निळं काही नाही. कौतुक करायला कुणी थांबत नाही. ब्रशलेस मोटर आणि लिथियम बॅटरीचे ट्रक आल्यापासून नायट्रोचा जोरही ओसरला आहे. ते बटण दाबताच निमूट चालतात. ज्यांना ट्रक चालवायचा आहे त्यांनी ते घ्यावेत. ज्यांना मुलाबरोबर गोणपाटावर बसायचं आहे त्यांनी नायट्रोच घ्यावा. तो बसवतो.

चिरंजीवांनी सगळं अल्युमिनियम काढून डब्यात भरलं आहे आणि ट्रक पुन्हा मूळच्या प्लास्टिकवर आणला आहे. क्लच सैल केला, फेलसेफ बसवला. दोन जादा आर्म तो सुट्या पैशांसारखे खिशात बाळगतो. एक तुटला की रानातच बदलतो, तीन मिनिटांत. त्याच्यासाठी मी या वर्षी तीन क्लास, एक ऑलिंपियाड आणि रविवारची फाउंडेशन बॅच अशी यादी काढली होती. ती परवा पुन्हा वाचली. यादी पक्की होती. एकही जागा नरम नव्हती. रविवारची बॅच मी खोडली. भांडवली खर्च वाचला असं वहीत लिहिलं आहे.

मिस्त्रींनी निघताना तो रोटाव्हेटरचा तुटका बोल्ट मला दिला. तो मी काउंटरवर व्हाउचरांवर ठेवतो. सर्व्हर बंद पडतो, पासबुक छापायचं मशीन रुसतं, आणि वरपासून निघालेला सगळा धक्का रांगेतून येऊन माझ्यावर बसतो. पूर्वी मला वाटायचं, हे माझ्याच वाट्याला का? आता बोल्टाकडे बघतो. काल एक गृहस्थ पंधरा मिनिटं माझ्यावर ओरडले आणि मग शांत होऊन म्हणाले, "हे लोखंड कशाला ठेवलंय इथं?"

"अपग्रेड आहे," मी म्हणालो, आणि त्यांचं पासबुक हाताने भरून दिलं.